शिक्षकांचें गुप्त दप्तर

औंढ्याच्या नागनाथाची कथा आमच्या हिंगोली जिल्ह्यांतल्या कोणाहि मनुष्यास नव्यानें सांगावी लागत नाहीं. नामदेव कीर्तनास उभे राहिले, पुजाऱ्यांनीं त्यांना समोरून उठवून देवळाच्या पाठीमागें जावयास सांगितलें, आणि मग देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलें, असें लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. देऊळ फिरलें कीं नाहीं याचा निर्णय ज्याचा त्यानें करावा. आमचें लक्ष कथेंतल्या दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. नामदेवांना ज्यांनीं उठविलें त्यांनीं तोंडावर उठविलें. त्यांचें म्हणणें अन्यायाचें होतें, पण तें ऐकूं येण्यासारखें होतें, आणि म्हणून त्यास उत्तर देणेंहि शक्य होतें. आजकाल एखाद्या शिक्षकास मागें बसवावयाचें झालें म्हणजे त्यास कोणी कांहीं बोलत नाहीं. कारण एका कागदावर लिहिलें जातें, कागद कपाटांत जातो, कपाटाची किल्ली संस्थेच्या चिटणिसाजवळ राहते, आणि शिक्षकानें विचारलेंच तर त्यास एकच शब्द ऐकविण्यांत येतो: गोपनीय.

आमच्या परिचयाच्या एक बाई या जिल्ह्यांतल्या एका तालुक्याच्या गांवीं माध्यमिक शाळेंत शिकवितात. गांवाचें व शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. असल्या शाळा महाराष्ट्रांत थोड्या नाहींत. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हां सेवाज्येष्ठतेच्या यादींत बाईंचें नांव पहिलें होतें. खासगी शाळांच्या नोकरवर्गासाठीं १९७७ सालीं महाराष्ट्रांत कायदा झाला व १९८१ सालीं त्याखालीं नियमावली आली. तिच्याप्रमाणें मुख्याध्यापकाची जागा पात्र शिक्षकांपैकीं जो सर्वांत ज्येष्ठ असेल त्यास द्यावयाची, मात्र त्याच्या सेवेचा अभिलेख समाधानकारक असावा लागतो. प्रत्यक्षांत जागा बाईंच्या मागाहून आठ वर्षांनीं नोकरीस लागलेल्या एका गृहस्थांस मिळाली. बाईंची जात आणि त्यांचें स्त्रीत्व यांचा या निर्णयाशीं संबंध होता असें बाई म्हणतात. मुळींच नव्हता असें संस्था म्हणते. खरें काय तें आम्ही येथें ठरवूं इच्छीत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, तें ठरवावयाचें तरी कशावरून?

बाईंनीं स्वतःच्या सेवेचा अभिलेख मागितला. तो गोपनीय आहे असें उत्तर आलें. प्रकरण शाळा न्यायाधिकरणापुढें गेलें, आणि तेथें मात्र संस्थेनें आपण होऊन पांच वर्षांचे गोपनीय अहवाल हजर केले! पांचहि वर्षांचे शेरे एकाच हातचे, एकाच शाईचे, आणि कागदांस घडीसुद्धां पडलेली नाहीं असे होते. ‘सहकाऱ्यांशीं वर्तन असमाधानकारक’, ‘नेतृत्वगुणांचा अभाव’ इत्यादि. आपल्याविषयींचे हे शेरे बाईंनीं आयुष्यांत प्रथम पाहिले ते वकिलांच्या टेबलावर.

आतां गंमत अशी कीं, ज्या नियमावलीच्या आधारें हे अहवाल लिहावयाचे तिच्याच १५ व्या नियमांत प्रतिकूल शेरे संबंधित शिक्षकास ऑगस्टअखेर लेखी कळविले पाहिजेत असें सांगितलें आहे. आणि अहवाल लिहिले नाहींत किंवा शेरे मुदतींत कळविले नाहींत तर त्या शिक्षकाचें काम समाधानकारक होतें असेंच धरावें, असेंहि सांगितलें आहे. नियम लिहिणारास संस्थांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा असें दिसतें. म्हणजे ‘गोपनीय’ या शब्दाचा या नियमावलींतला अर्थ ‘बाजारापासून गोपनीय’ असा आहे; ज्याच्याविषयीं लिहिलें त्याच्यापासून गोपनीय असा तो कधींच नव्हता. चाळीस वर्षांहून अधिक काळ हा नियम पुस्तकांत आहे, आणि आमच्याकडील किती शिक्षकांच्या हातीं ऑगस्ट महिन्यांत असा कागद पडतो हें त्यांनींच आपल्या मनाशीं आठवून पाहावें.

सरकारी नोकरांच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालय याच्याहि पुढें गेलें आहे. रस्तेबांधणीच्या खात्यांतील देवदत्त नांवाच्या एका अभियंत्याचें प्रकरण २००८ सालीं निकालांत निघालें. त्याच्या १९९३-९४ च्या अहवालांत ‘चांगला’ असा शेरा होता. चांगला म्हणजे वाईट नव्हे, तेव्हां कळविण्याचें कारण काय, असें खात्याचें म्हणणें. परंतु बढतीसाठीं ‘फार चांगला’ हा शेरा आवश्यक होता, आणि म्हणून तो ‘चांगला’ हाच त्याचा घात करणारा ठरला. न्यायालयानें सांगितलें कीं, शेरा बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधितास कळविलाच पाहिजे. न कळविणें हा मनमानीपणा आहे व समतेच्या हक्काचा भंग आहे. २०१३ सालीं सुखदेव सिंग यांच्या प्रकरणांत तीन न्यायमूर्तींनीं हेंच मत कायम केलें. इतकें होऊनहि कपाटाची किल्ली जेथें होती तेथेंच आहे.

गुप्ततेच्या पुरस्कर्त्यांचा पहिला मुद्दा बराच भारदस्त आहे, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. ते म्हणतात कीं, आपलें मत गुप्त राहील अशी खात्री असेल तरच परीक्षक मोकळेपणानें लिहील. उद्यां तें कोर्टांत वाचलें जाणार असें कळलें तर तो गुळमुळीत स्तुति लिहून मोकळा होईल, आणि विद्यालयांतून गुणदोषविवेचन नाहींसें होईल. अमेरिकेंतील विद्यापीठांनीं हाच मुद्दा मोठ्या हिरिरीनें मांडला होता. जॉर्जिया विद्यापीठांतील एका प्राध्यापकानें तर, एका स्त्री-सहकाऱ्याच्या बढतीच्या वेळीं आपण कोणत्या बाजूनें मत दिलें हें सांगण्याचें नाकारून १९८० सालीं तुरुंगवास पत्करला. त्याची निष्ठा खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण दहा वर्षांनीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें या मुद्द्याचें जें केलें तें आमच्या संस्थाचालकांनीं अवश्य वाचावें.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन विद्यालयांतील रोझली टंग या सहयोगी प्राध्यापिकेस १९८५ सालीं कायम नेमणूक नाकारण्यांत आली. वंश, लिंग व मूळ देश यांमुळें आपल्याला डावललें अशी तिची तक्रार होती. विभागप्रमुखानें आपला विनयभंग केला व नंतर आपल्याविरुद्ध लिहिलें असेंहि तिचें म्हणणें होतें. भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानें विद्यापीठाकडे तिचें दप्तर मागितलें, आणि ज्या पांच पुरुष सहकाऱ्यांस अधिक अनुकूल वागणूक मिळाली असें तिचें म्हणणें होतें त्यांचींहि दप्तरें मागितलीं. विद्यापीठानें विद्याव्यासंगाच्या स्वातंत्र्याचा झेंडा उभारला. १९९० च्या जानेवारींत नऊहि न्यायमूर्तींनीं एकमतानें तो झेंडा खालीं उतरविला. न्यायमूर्ति ब्लॅकमन यांच्या निकालांतला युक्तिवाद अगदीं घरगुती शहाणपणाचा आहे. भेदभाव झाला असेल तर त्याचा पुरावा बहुधा त्या दप्तरांतच असणार. तेंच बंद ठेवलें तर कायदा करून उपयोग काय? आणि परीक्षक भिऊन गप्प बसतील या भयाविषयीं त्यांचें म्हणणें असें कीं, कांहीं बसतीलहि, पण कांहींजण आपल्या मतास उदाहरणांची जोड देऊन अधिक सप्रमाण लिहूं लागतील. विद्वानांविषयीं इतकें वाईट मत आधींच करून घेण्याचें कारण नाहीं.

आम्ही यास एवढीच पुस्ती जोडूं कीं, जें मत सहीनिशीं उघड करावयास लेखक धजत नाहीं, त्या मतावर दुसऱ्याच्या पोटाची भाकर अवलंबून ठेवणें हा कोणता मोकळेपणा? वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारांत हळदीची प्रत चारचौघांत पाहिली जाते, बोली मोठ्यानें लागते, आणि भाव पडला तर कां पडला हें शेतकऱ्यास विचारतां येतें. त्यामुळें हळदीचे व्यापारी भित्रे झाले असें आम्ही तरी ऐकलें नाहीं.

दुसरा मुद्दा सहकाऱ्यांच्या खासगीपणाचा. स्वतःचें दप्तर शिक्षकास दाखवूं, पण ज्याची निवड झाली त्याचें कां दाखवावें? हा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि येथेंच बहुतेक दावे बुडतात. कारण भेदभाव ही तुलनेची बाब आहे. ‘मला नाकारलें’ एवढ्यानें भेदभाव सिद्ध होत नाहीं. ‘माझ्याइतक्याच किंवा माझ्याहून कमी पात्रतेच्या मनुष्यास स्वीकारलें आणि मला नाकारलें’ हें दाखवावें लागतें. एकाच पारड्यांतलें वजन दाखवून तागडी सरळ आहे कीं नाहीं हें कोणास सांगतां येईल? वादीनें पुरावा द्यावा असा कायदा, आणि पुरावा प्रतिवादीच्या कपाटांत! असा दावा लावणें म्हणजे हात बांधून पोहावयास सोडण्यासारखें आहे.

येथें संस्था एका निकालाचें नांव मोठ्या भक्तीनें घेतात. २०१२ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें गिरीश देशपांडे यांच्या प्रकरणांत, नोकराची कामगिरी ही प्रामुख्यानें नोकर व मालक यांच्यामधली बाब आहे व तिचे कागद ही वैयक्तिक माहिती आहे, असें ठरविलें. हें प्रकरण आपल्या विदर्भांतलें, अकोल्याच्या भविष्यनिर्वाहनिधि कार्यालयांतील एका अधिकाऱ्याविषयींचें होतें. पण माहिती मागणारा कोण होता? एक तिऱ्हाईत नागरिक, आणि तो माहितीच्या अधिकाराखालीं मागत होता. त्या निकालाशीं आमचें सर्वस्वीं पटत नाहीं, तरी तो क्षणभर मान्य करूं. तिऱ्हाइतास दिलेलें उत्तर खुद्द त्या शिक्षकाच्याच तोंडावर मारण्याचा अधिकार संस्थांस कोठून आला? आमच्या परिचयाच्या बाईंस जें नकाराचें पत्र मिळालें त्यांतहि याच निकालाचा हवाला आहे. ‘नोकर व मालक यांच्यामधली बाब’ असें ज्यांत म्हटलें आहे, तोच निकाल नोकरास बाहेर ठेवण्यासाठीं! असला अर्थ लावणारांस आम्ही दोष कमी देतों, तो वाचून निमूटपणें परत जाणारांस अधिक देतों.

सुदैवानें मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ च्या नोव्हेंबरांत याहून निराळी दृष्टि दाखविली. पुणें जिल्हा न्यायालयांतील कनिष्ठ लिपिकांच्या भरतींत अयशस्वी झालेल्या एका उमेदवारानें इतर उमेदवारांचे गुण मागितले होते. सार्वजनिक भरतींतले गुण उघड केल्यानें कोणाच्या खासगीपणावर अन्याय्य आक्रमण होत नाहीं. उलट लपविल्यानें संशय वाढतो, असा त्या निकालाचा आशय आहे. परंतु याच सुमारास दिल्लींत वारें उलट दिशेनें वाहत होतें. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यांत वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलमाला मोठ्या लोकहिताचा अपवाद जोडलेला होता, आणि जी माहिती संसदेस किंवा विधिमंडळास नाकारतां येत नाहीं ती कोणासहि नाकारूं नये अशी पुरवणीहि होती. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठीं २०२३ सालीं जो कायदा झाला त्यानें या कलमांतले हे दोन्ही शब्दप्रयोग काढून टाकले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत ती दुरुस्ति अमलांत आली. आतां ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोनच शब्द उरले. त्याच कायद्याच्या दुसऱ्या एका कलमांत, म्हणजे आठव्याच्या दुसऱ्या पोटकलमांत, लोकहिताचा तोल पाहण्याची सोय अद्याप आहे खरी. पण तालुक्याच्या गांवचा माहिती अधिकारी पोटकलमापर्यंत कशाला वाचील? त्याला पाहिजे तें पहिल्याच ओळींत सांपडलें.

आमचें म्हणणें असें मुळींच नाहीं कीं, शिक्षकाचें सगळें दप्तर चव्हाट्यावर मांडावें. त्यांत त्याच्या दुखण्याचे दाखले असतात, बायकोमुलांचीं नांवें असतात, बँकेचा खातेक्रमांक असतो, कर्जाचे अर्ज असतात. हीं पानें झांकून ठेवावींत. तीं पाहण्याचें बाईंस कारण नाहीं, आणि त्यांनीं तीं मागितलींहि नाहींत. पण पात्रता, अनुभव, मुलाखतींतले गुण, परीक्षकांचे शेरे आणि समितीचें इतिवृत्त यांत खासगी तें काय? तीं पदाविषयींचीं पानें आहेत, आणि पद लोकांच्या पैशावर चालतें. अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरींतून येतो हें संस्थाचालकांस पगारबिलाच्या दिवशीं बरोबर आठवतें, आणि माहिती देण्याच्या दिवशीं ‘आमची संस्था खासगी आहे’ हेंहि तितकेंच बरोबर आठवतें. या दुटप्पीपणासहि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं डी. ए. व्ही. महाविद्यालयाच्या प्रकरणांत उत्तर दिलें: ज्या संस्थेचा भार सरकार मोठ्या प्रमाणांत उचलतें ती माहिती अधिकाराच्या दृष्टीनें सार्वजनिक प्राधिकरणच होय. निकालाची तारीख १७ सप्टेंबर, म्हणजे आमच्या मराठवाड्याचा मुक्तिदिन. त्या दिवशीं आमच्या संस्थांतून ध्वजवंदनें झालीं असतील. निकाल कोणी वाचल्याचें ऐकिवांत नाहीं.

महाविद्यालयांची स्थिति शाळांहून निराळी आहे, पण बरी नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतलीं महाविद्यालयें नांदेडच्या विद्यापीठाशीं जोडलेलीं आहेत, आणि त्या विद्यापीठास ज्या स्वामी रामानंद तीर्थांचें नांव आहे ते स्वतः कांहीं काळ शाळामास्तर होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनें सहायक प्राध्यापकाच्या निवडींत पदव्यांचे व लेखनाचे गुण मुलाखतीस बोलाविण्यापुरते धरले, आणि अखेरची निवड केवळ मुलाखतीवर ठेविली. म्हणजे वीस वर्षांचा अभ्यास दाराच्या बाहेर, आणि निकाल आंतल्या घटकाभराच्या संभाषणावर. त्या संभाषणाची नोंद मागावी तर ती गोपनीय! राखीव जागांच्या बाबतींत तर समितीनें एक वाक्य पाठच करून ठेवलें आहे: ‘योग्य उमेदवार आढळला नाहीं.’ जाहिरात निघते, उमेदवार येतात, त्यांच्याजवळ पदव्या असतात, पात्रता-परीक्षेचीं प्रमाणपत्रें असतात, आणि इतिवृत्तांत हेंच वाक्य. कोण अयोग्य ठरला, कोणत्या बाबतींत, कोणाच्या मतें, कांहीं नाहीं. औंढ्याचे पुजारी निदान ‘तूं’ म्हणून बोलत होते. येथें उमेदवारास तेवढाहि मान नाहीं.

या वाक्यामागें दरवेळीं दुष्टपणाच असतो असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. एखाद्या वेळीं खरोखरच योग्य मनुष्य मिळत नसेल. पण मग तें दाखवावयास अडचण कोणती? ज्या समितीनें प्रामाणिकपणें काम केलें तिला गुप्ततेनें काय मिळतें? उलट तिचाच प्रामाणिकपणा संशयाच्या अंधारांत जातो. गुप्ततेचा लाभ ज्याला खरोखर होतो तो मनुष्य निराळाच आहे, आणि दुर्दैव असें कीं तोच तिची तरफदारी सर्वांत मोठ्यानें करतो.

कांहीं समंजस मंडळी मधला मार्ग सुचवितात. दप्तर न्यायाधीशास सीलबंद लिफाफ्यांत द्यावें. त्यानें पाहावें, वादीस दाखवूं नये. हा मार्ग दिसावयास सोज्वळ आहे, पण त्यानें वादी आंधळाच राहतो. शेरा खोटा आहे हें न्यायाधीशास कसें कळावें? ‘१२ जुलै रोजीं वर्ग सोडून गेल्या’ असें लिहिलें असेल तर त्या दिवशीं आपण जनगणनेच्या कामावर होतों हें बाईच सांगूं शकतील, न्यायाधीश नव्हे. २०२३ च्या एप्रिलांत एका मल्याळी वृत्तवाहिनीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें या लिफाफ्याच्या रिवाजावर कडक टीका केली, आणि तीहि राष्ट्राच्या सुरक्षिततेचें कारण पुढें केलें असतां. देशाच्या सुरक्षिततेस जें कवच सहजासहजीं मिळत नाहीं तें एका तालुक्याच्या शाळेच्या शेरेबुकास मिळावें काय? परीक्षकाचें नांव मात्र आरंभीं झांकलें तर आमची हरकत नाहीं. केरळच्या लोकसेवा आयोगाच्या प्रकरणांत २०१६ सालीं न्यायालयानें उत्तरपत्रिका व मुलाखतीचे गुण उघडे केले आणि परीक्षकांचीं नांवें झांकलीं, तें योग्यच झालें; तेथें परीक्षक व उमेदवार एकमेकांस ओळखीत नव्हते. पण जेथें आकसाचाच आरोप आहे तेथें आकस कोणाचा हें झांकून खटला चालविणें शक्य नाहीं, आणि तेथें नांवहि उघडें झालें पाहिजे.

वास्तविक तालुक्याच्या गांवीं ही गुप्तता किती असते हें आम्ही जाणतों. बाईंच्या अहवालांत काय आहे हें शाळेच्या शिपायास ठाऊक होतें, चहाच्या टपरीवर ठाऊक होतें, संस्थेच्या निवडणुकीच्या वेळीं तर दोन्ही पक्षांच्या तोंडीं होतें. ठाऊक नव्हतें तें फक्त बाईंस. आणि त्यांनीं दाद मागावयाची तर न्यायाधिकरणाचे हेलपाटे, त्यापुढें दोनशें किलोमीटरांहून अधिक लांब छत्रपती संभाजीनगरास उच्च न्यायालयाचें खंडपीठ, दर तारखेस एक किरकोळ रजा, आणि त्या रजांचाहि पुढच्या अहवालांत शेरा. त्यांच्या निवृत्तीस आतां फार काळ उरलेला नाहीं.

तेव्हां मागणें फार मोठें नाहीं. ऑगस्टअखेर प्रत्येक शिक्षकाच्या हातीं त्याचा अहवाल पोंच घेऊन द्यावा. हा नियमच आहे, त्यास नवा कायदा नको. निवडसमितीनें प्रत्येक उमेदवारापुढें गुणांबरोबर कारणाची एक ओळ लिहावी. भेदभावाचा दावा दाखल होतांच संस्थेनें वादीचें आणि निवडल्या गेलेल्याचें, दोघांचेंहि पदाविषयींचें दप्तर मोहोरबंद करून न्यायाधिकरणांत जमा करावें, म्हणजे नवी शाई वापरण्याचा मोह कोणास होणार नाहीं. तेथें खासगी पानें झांकून बाकीचीं वादीस पाहूं द्यावींत. २०२३ च्या कायद्यानेंहि कायदेशीर हक्क बजावण्यासाठीं लागणाऱ्या माहितीस सूट लिहून ठेविली आहे, हें शिक्षकांच्या वकिलांनीं ध्यानांत ठेवावें. आणि शिक्षकांनीं माहितीच्या अर्जावर विसंबून न राहतां दाव्यांतच कागद हजर करविण्याचा अर्ज द्यावा. तो अर्ज देणाराचें प्रमाण आमच्या जिल्ह्यांत फारच थोडें आहे असें वकीलमंडळी सांगतात.

या विषयावर संस्थाचालकांस कांहीं उलट म्हणावयाचें असल्यास तें आम्ही आनंदानें वाचूं, आणि संपादकांनीं तें याच पृष्ठांवर छापावें अशी त्यांस विनंति करूं. अट एवढीच कीं, लेखाखालीं लेखकाचें नांव असावें.